त्यांच्या सायकलीमागे माझी सायकल

तुरीला फुलं आली की माझ्या पोटात गोळा येतो.

सोयाबीन निघून गेलेलं असतं, रानं मोकळी झालेली असतात, आणि मधल्या मधल्या तुरीच्या ओळी माणसाच्या डोक्याएवढ्या उंच होऊन पिवळ्याधमक उभ्या राहतात. उदगीरच्या आमच्या गच्चीवरून पाहिलं तर घरं संपतात तिथून देवणीच्या बाजूला नजर पोचेल तिथवर हा पिवळा रंग दिसतो. शेजारच्या वहिनी म्हणतात, काय छान दिसतंय हो. मी हो म्हणते आणि कान खाली अंगणाकडे लावते. कारण याच दिवसांत अंगणात पंपाचा आवाज सुरू होतो. आमचे हे सायकलीत हवा भरत असतात.

यंदाही दिवाळी सरली आणि एका सकाळी तो आवाज आला. मी कुकर लावला होता. शिट्ट्या किती झाल्या कळलंच नाही. शेवटी वास आला म्हणून गॅस बंद केला, तर भाताचा लगदा झालेला होता.

मी जन्माची भित्री. माहेर मुदखेडचं, म्हणजे जंक्शनचं गाव. रुळांच्या बाजूला वाढलेल्या पोरी इंजिनाला भीत नाहीत. मी भ्यायची. इंजिनानं शिटी दिली की शेंगदाण्याची पुडी टाकून घरात पळायची. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. लग्न होऊन उदगीरला आले तर तो ब्रह्मराक्षसही सामान घेऊन मागोमाग आला. हे अजून म्हणतात, हिच्या रुखवतात बाकी काही नव्हतं, नुसती भीती मांडून ठेवली होती. मी त्यांना सांगते, ती संपली नाही म्हणूनच तुमचा संसार टिकला.

हे पाटबंधारे खात्यात होते. आयुष्य कालव्यांवर आणि तलावांच्या बांधांवर गेलं. निवृत्त झाले आणि पहिल्याच उन्हाळ्यात, गेल्या वर्षी, एका सकाळी दाढी करताना छातीवर हात ठेवून खाली बसले. लातूरला नेलं. एक नळी तुंबली होती, ती उघडून तिथं जाळी बसवली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, काळजी घ्या, पण घाबरून बसू नका. चाला, सायकल चालवा. त्यातलं ‘काळजी घ्या’ एवढं माझ्या कानात राहिलं आणि ‘सायकल चालवा’ एवढं यांच्या. एका वाक्याचे दोन तुकडे करून आम्ही दोघं घरी आलो.

त्यांनी गिअरची नवी सायकल आणली. मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हाची माझी लेडीज सायकल अडगळीतून काढली. एकट्यानं जाऊ देणार नाही, या माझ्या अटीवर ते आधी हसले, मग चिडले, मग कबूल झाले. ते पुढं, मी मागं. मी पुढं राहिले असते तर सारखी मान वळवून बघत बसले असते आणि एखाद्या उसाच्या ट्रॉलीखाली गेले असते. मागून निदान त्यांची पाठ दिसायची. शर्ट घामानं किती भिजलाय, खांदे किती वर होतात, पायडल मारताना मध्येच पाय थांबतो का, हे बघत मी कितीतरी रस्ते तुडवले. तुम्ही मला विचाराल की त्या रस्त्यावर झाडं कुठली होती, तर मला सांगता यायचं नाही. यांच्या शर्टाची शिवण कुठं उसवली होती ते सांगेन.

जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मी सगळीकडं ठेवल्या होत्या. पर्समध्ये, सायकलीच्या सीटच्या कव्हरात, पाण्याच्या बाटलीच्या पिशवीत, आणि रुमालाच्या गाठीत बांधून ब्लाउजमध्ये.

आता चर्चचं कसं झालं ते सांगते. नुसतंच जाऊन परत यायचं, हे यांना पटेना. म्हणाले, मी काय घाण्याचा बैल आहे का, काहीतरी ठिकाण पाहिजे. देवळं चालली नाहीत. प्रत्येक देवळात ओळखीचं कुणीतरी भेटायचं, तब्येत विचारायचं आणि वर हातावर पेढा ठेवायचं. पेढा यांना बंद. शिवाय ‘किती टक्के होतं ब्लॉकेज’ हा प्रश्न आला की मी यांना बाहेर ओढायची. मग एका सकाळी देवणीच्या रस्त्यावर एक वळण चुकलं, गाडीवाट तुरीत शिरली, आणि तुरीच्या पलीकडं एका लहानशा लाल इमारतीचं टोक दिसलं. त्यावर क्रूस होता.

आमच्या या पट्ट्यात जांभा दगड निघतो. ते चर्च त्याच दगडाचं, निजामाच्या काळातलं. पुढं ओटा, वर मंगळुरी कौलं, दाराला कमान. यांनी कमानीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, बघ, ही कमान दर्ग्याची आहे. बांधून घेणारा साहेब कुठल्या कुठून बैलगाडीनं आला असेल, पण गवंडी इथलाच. त्याला जी कमान येत होती ती त्यानं बांधली. मग चुना, मग सागवानी तुळया, मग पाणी निथळायची सोय. बोलत बोलत बोटाच्या पेरानं दगडावर टकटक करत ते भिंतीभर फिरले. मी मान डोलावत त्यांचे ओठ बघत होते. ओठ निळे पडले की धोका, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ओठ गुलाबी होते. एवढं गुलाबी मी त्यांना लग्नातही पाहिलं नसेल.

त्या दिवसापासून वेड लागलं. हंगामभर आम्ही चर्च शोधत फिरलो. निलंग्याच्या वाटेवर एक, नायगावकडच्या त्यांच्या मित्राकडं मुक्कामाला गेलो तेव्हा तिथं एक, आणि बाकी सगळी या आमच्याच देवणी-उदगीरच्या रानात. काही अगदी झोपडीएवढी. कुणाचं छप्पर पत्र्याचं झालेलं, कुणाच्या भिंतीला निळा ऑइलपेंट फासलेला. आत बाकं क्वचितच; सतरंजी, कोपऱ्यात ढोलकी, टाळ, कापडात गुंडाळलेली पेटी. चपला बाहेर काढायच्या. पहिल्यांदा आत गेले तेव्हा डोक्यावरच्या घंटेला हात लावायला मी टाचा उंचावल्या होत्या. घंटा नव्हतीच. रिकामा हात तसाच खाली आणून मी केस सारखे केले.

दुसरी चूक याहून मोठी. एका गावात हे आत तुळया बघत होते. मी बाहेर. मला वाटलं, आलोच आहोत तर प्रदक्षिणा घालावी. देव कुणाचाही असो, यांना सुखरूप ठेवण्याशी मतलब. तोंडानं पुटपुटत मी मागच्या भिंतीला वळले आणि वर पाहिलं. कौलांच्या खाली आग्या मोहोळ. परातीएवढं. त्यावर काळी लाट सरकल्यासारखी हालचाल चाललेली. मी जागच्या जागी थिजले. पुढं जावं तर मोहोळाखालून, मागं फिरावं तर प्रदक्षिणा अर्धी राहते आणि अर्धी प्रदक्षिणा म्हणजे अपशकुन. कितीतरी वेळ मी तिथं श्वास धरून उभी होते. शेवटी हे शोधत आले, मोहोळ बघितलं, माझा हात धरला आणि मागं ओढलं. माझ्या डोळ्यात पाणी. ते विचारत होते, चावली का? मी म्हणाले, अर्धीच झाली. त्यांना काही कळलं नाही.

भीतीचं एक आहे, ती एकटी येत नाही. नातेवाईक घेऊन येते. गेल्या हंगामात सगळ्यांच्या मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. अनोळखी माणसं दिसली की लोक अडवायचे, एके ठिकाणी कुणा फिरस्त्यांना मारल्याचंही ऐकलं होतं. आणि आम्ही दोघं हेल्मेट घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून, नको त्या गाडीवाटांनी परक्या गावात शिरत होतो. एका पारावर आम्हाला थांबवलं. कुठले, कशाला आलात? हे म्हणाले, चर्च बघायला. तुम्ही त्यांच्यातले का? नाही. मग चर्च विकत घ्यायचंय का? तेही नाही. नुसतं बघायला कुणी येत असेल यावर त्या माणसांचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर माझाही बसत नव्हता. गावाबाहेर पडेपर्यंत माझा जीव मुठीत होता.

घरी आलो तरी सुटका नव्हती. कुणीतरी आम्हाला चर्चच्या ओट्यावर डबा खाताना बघितलं होतं. चुलतदिरांचा नांदेडहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, आजारपणात माणसाचं मन कच्चं होतं हे मी समजू शकतो, पण वहिनी, कुणी काही शिकवतंय का दादाला? मी म्हणाले, हो, चुना कसा मळायचा ते शिकतायत. फोन ठेवला आणि मग मात्र मला धडकी भरली. लोक काय म्हणतील याचीही भीती, आणि यांना थांबवलं तर यांच्या ओठांवरचा गुलाबी रंग उडेल याचीही. इकडं आड तिकडं विहीर, आणि मधून आमच्या दोन सायकली.

त्या दिवसाबद्दल लिहायला अजून हात उचलत नाही.

देवणीच्या अलीकडचं गाव. चर्च गावापासून थोडं बाजूला, तिन्ही अंगांनी तूर, समोर मोठा कडुनिंब. चावी मार्थाबाईंकडं असायची. साठीच्या, काटक, कपाळ मोकळं आणि हातात हिरव्या बांगड्या. त्यांनी दार उघडून दिलं, निघताना कडी लावा म्हणाल्या आणि परत खळ्यावर गेल्या, कारण पलीकडं सोयाबीनचं मळणी यंत्र सुरू होतं आणि ते भाड्याचं होतं. यंत्राची घरघर आणि उडणारा भुसा आमच्यापर्यंत येत होता. हे दाराच्या चौकटीवर टकटक करत सांगत होते की हे लाकूड इथलं नाही, हे लाकूड बहुतेक.

आणि थांबले.

वाक्य अर्धवट सोडणारा हा माणूस नाही. साखरपुड्याच्या दिवशी लाइट गेली तेव्हाही यांनी अंधारात वाक्य पूर्ण केलं होतं. मी ओठांकडं पाहिलं. ते हळूहळू पायरीवर बसले. थंडीच्या सकाळी कपाळावर घामाचे थेंब. मला म्हणाले, घाबरू नकोस. त्या दोन शब्दांनी माझ्या काळजाचं पाणी झालं.

चार ठिकाणी गोळ्या ठेवलेल्या बाईला त्या वेळी एकही सापडेना. पर्स सायकलीला, सायकल लांब. ब्लाउजमधला रुमाल काढला तर गाठ सुटेना, बोटं माझी ऐकेनात. दातानं ओढून गाठ सोडवली. गोळी जिभेखाली दिली. मोबाइलला रेंज नव्हती. मी ओरडले. यंत्राच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. यांना सोडून तुरीत शिरावं तर परत येईपर्यंत काय झालेलं असेल? आणि मग कडुनिंबाच्या फांदीला घंटा म्हणून तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा दिसला. खाली दगडावर एक मोठा लोखंडी बोल्ट. जंक्शनच्या पोरीला रूळ ओळखायला वेळ लागत नाही.

मी बोल्ट उचलला. जड होता. दोन्ही हातांनी उगारून मारला तर तो ठणका दातांपर्यंत आला. पुन्हा मारायला ताकद गोळा करावी लागली. मग पुन्हा. भराभर वाजवायचं होतं, पण बोल्ट पेलवत नव्हता, म्हणून एकेक टोला, मध्ये श्वास, मग पुढचा टोला. प्रत्येक वेळी मी वळून यांच्याकडं बघत होते. ते डोळे मिटून भिंतीला टेकले होते, छाती हलत होती.

थोड्या वेळानं यंत्र बंद पडलं. एकदम सगळीकडं शांत झालं. मला वाटलं, देव पावला. मग तूर हलायला लागली. या बाजूनं हलली, त्या बाजूनं हलली, आणि फुलांतून माणसं बाहेर आली. कुणी बोलत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. फावडं. कुदळ. पहार. टिकाव. मागं बायका, डोक्यावरून पदर घेतलेल्या, मान खाली घातलेल्या. चारी बाजूंनी ती माणसं गप्पपणे आमच्याकडं येत होती.

मला मोबाइलवरचे ते मेसेज आठवले. मी यांच्यापुढं जाऊन उभी राहिले, हातात तो बोल्ट. यांना हात लावायचा असेल तर आधी मला, असं काहीतरी मला म्हणायचं होतं. तोंडातून नुसतीच हवा निघाली.

मार्थाबाई पुढं आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. हळूच म्हणाल्या, “बाई, कोण गेलं?”

मला प्रश्न कळेना. माझ्या मागून, पायरीवरून, आवाज आला, “अजून न्हाई गेलो.”

सगळे यांच्याकडं बघत राहिले. मग एका म्हाताऱ्या बाबांनी हातातलं फावडं खाली ठेवलं आणि तोंडाला उपरणं लावून हसायला लागले. मी मटकन खाली बसले आणि रडले.

त्या गावाची रीत नंतर कळली. प्रार्थनेला बोलवायचं तर रूळ भराभर वाजवतात. एकेक टोला, मध्ये थांबून, म्हणजे मयत. तो ऐकला की हातातलं काम टाकायचं, पेरणी असो की मळणी असो, आणि घरटी एका माणसानं खणायचं हत्यार घेऊन निघायचं. कोण गेलं हे तिथं पोचल्यावर विचारायचं. मी माझ्या भ्यालेल्या, दमलेल्या हातांनी माझ्याच नवऱ्याच्या मयताची घंटा वाजवली होती.

पण माणसं आली होती. मार्थाबाईंचा भाचा योसेफ यानं टेम्पो काढला. सोयाबीनच्या पोत्यांवर यांना आडवं केलं, मी उशाशी, आणि सोबत माणसं चढली. हत्यारं खाली ठेवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. उदगीरच्या दवाखान्याच्या दारात फावडी-कुदळी घेतलेली ती मंडळी बघून वॉचमन त्यांना आत सोडेना. शेवटी यांना तेवढं आत नेलं. या वेळी दुसरी नळी तुंबली होती. तिथून लातूर, पुन्हा एक जाळी. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. कसं आणलं ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतरचं वर्ष घरात गेलं. दोन्ही सायकली जिन्याखाली. चुकूनही कुणी चर्चचं नाव काढलं नाही. हे दुपारी झोपले की मी जाऊन नाकाशी हात धरायची. न्हाणीघरात जरा उशीर लागला की दार वाजवायची. त्यांनी मला एकदाही रागावून काही म्हटलं नाही, आणि मला ते बरंच वाटत होतं. चहापाणी, पथ्य, गोळ्या, सगळं वेळच्या वेळी. दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पितच होती.

मग भाद्रपदातल्या एका संध्याकाळी, पाऊस उघडलेला होता, हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि मला म्हणाले, “मी गच्चीवर जाऊ का गं?”

त्यांनी परवानगी मागितली होती. तलावांच्या चाळीस फूट उंचीच्या भिंतींवरून चालत जाणारा हा माणूस कठड्याला धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत माझी भीती होती. माझीच, मी लगेच ओळखली, कारण ती मी रोज आरशात बघते. वर्षभर मी ती यांना चमच्या चमच्यानं भरवली होती आणि ती यांच्या अंगी लागली होती. आग्या मोहोळाखाली उभी असताना, तुरीतून फावडी येताना, मी भ्याले नव्हते इतकी त्या संध्याकाळी भ्याले. म्हटलं, जा ना, विचारता काय. ते वर गेले. मी खाली त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसले. फार जपून टाकलेली पावलं होती.

म्हणून यंदा तूर फुलली आणि पंपाचा आवाज आला, तेव्हा भाताचा लगदा झाला हे खरं; पण मी अंगणात गेले. डॉक्टरांची परवानगी त्यांनी आधीच काढून आणली होती, आणि तरीही माझ्याकडं चोरट्या नजरेनं बघत होते. मी माझी सायकल जिन्याखालून ओढून काढली आणि म्हणाले, माझ्याही चाकात भरा.

आधी जवळपास फिरलो. रोज थोडं पुढं. आणि गेल्या रविवारी त्या गावाला गेलो, तिथं कापणीचा सण होता म्हणून. चर्चसाठी एक नवी सतरंजी नेली, ती माझ्या कॅरिअरला बांधली होती. शेवटच्या चढावर मी मागून त्यांचे खांदे बघत होते आणि मनातल्या मनात जे जे देव आठवतील त्यांची नावं घेत होते. त्या चढानं आमचं काही वाकडं केलं नाही.

चर्च माणसांनी भरलेलं होतं. पुढं ज्वारीची कणसं, तुरीच्या डहाळ्या, भोपळे, एका टोपलीत कोंबडा, सगळं देवापुढं मांडलेलं. ढोलकी वाजत होती. यांना बघून बसल्या बसल्या कुजबुज पसरली आणि ते फावडंवाले बाबा पुन्हा उपरण्यात तोंड लपवून हसले. जेवण झाल्यावर मार्थाबाई म्हणाल्या, या, तुम्हाला एक दाखवायचं हाय. चर्चच्या मागं, तुरीच्या पलीकडं, निवडुंगाच्या कुंपणात त्यांचं कबरस्तान आहे. मातीचे उंचवटे, काहींवर चुना लावलेले क्रूस. मला आत पाय टाकवेना. हे गेले म्हणून गेले.

कोपऱ्यात एक शेवग्याचं झाड होतं. तरणं, दंडाएवढंही जाड नव्हतं, पण शेंगांनी लगडलेलं.

मार्थाबाईंनी सांगितलं ते असं. त्या दिवशी दोघं-तिघं इकडच्याच रानात होते. टोले ऐकून ते चर्चकडं आलेच नाहीत, थेट इथं आले आणि खणायला लागले. कुणीतरी निरोप घेऊन पळत येईपर्यंत कमरेएवढं झालं होतं.

मी यांच्याकडं पाहिलं. ते त्या झाडाच्या बुडाकडं बघत होते. माती अजून जरा वेगळी दिसत होती, लांबट चौकोनात. माणसाच्या मापाची.

“मग आता?” मी विचारलं. “म्हणजे ती जागा यांची ठरली का? ती वाट बघत बसते का, मार्थाबाई?”

“काढलेला खड्डा आमच्यात उपाशी ठेवत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “म्हणून योसेफनं त्याच सांजेला शेवग्याची फांदी लावली अन् माती लोटली. भरला की तो. त्याला आता कुणी नको हाय. तुम्ही कशाला फिकर करायलात?”

आमच्याकडं शेवगा दारात लावत नाहीत, त्यावर भूत बसतं म्हणतात. हे मला नेमकं तिथंच आठवायचं होतं. मार्थाबाईंनी आकडीनं शेंगा काढल्या, मोळी बांधली आणि माझ्या हातात दिली. “पहिला बहर हाय. साहेबांचा हाय. कुणी तोडला न्हाई.” नको म्हणायला तोंड उघडलं तोवर यांनी मोळी घेऊन माझ्या कॅरिअरला बांधलीसुद्धा. परतीच्या वाटेवर खड्ड्याखड्ड्याला त्या शेंगा माझ्या पाठीला लागत होत्या आणि मी सीटवर पुढं पुढं सरकत होते.

दुसऱ्या दिवशी आमटी केली. टाकून द्यायचं धाडस झालं नाही. टाकणं जास्त भीतीचं वाटलं. सालं काढली, तुकडे केले, तुरीच्या वरणात सोडले. हात धुतले, पुन्हा धुतले. यांना वाढलं. त्यांनी काही विचार केला नाही, की केला असेल तर दिसू दिला नाही. एक तुकडा उचलला, दातांत धरून ओढला, गर खाल्ला. चोथा ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. मी समोर बसून बघत होते. ज्या मातीखाली हे असायचे, त्या मातीत आलेलं हे खात होते, आणि आमटी त्यांच्या मनगटावरून ओघळत होती.

“तू घे ना,” ते म्हणाले.

“मीठ बरोबर आहे का?”

“कमी आहे.”

“तुम्हाला कमीच सांगितलंय,” मी म्हणाले, आणि ताटातली शेंग उचलली. डोळे मिटून चावली. गोडसर होती, कोवळी होती. चोथा त्यांच्या चोथ्याशेजारी ठेवला आणि आणखी एक घेतली.